अनाथ कोणास म्हणावें?

आफ्रिकेंतील एखाद्या दूरच्या खेड्यांत पोरक्या मुलांसाठीं धर्मार्थ निवासी शाळा बांधावी, ह्या संकल्पास कोणी नांवें ठेवील असें प्रथमदर्शनीं वाटत नाहीं. अन्न, विद्या आणि आश्रय हीं तिन्ही एका छपराखालीं आलीं. मग उणें तें काय राहिलें? तथापि 'अनाथ' हा शब्द ज्या सहजतेनें आपण येथें वापरतों, तिच्यापाशींच आम्हांस अडखळावयास होतें.

युनिसेफच्या गणतींत आई किंवा बाप, दोहोंपैकीं एक गेलें तरी मूल अनाथ ठरतें. २०१५ सालीं अशीं मुलें जगांत सुमारें १४ कोटी होतीं. त्यांपैकीं आईबाप दोन्ही गेलेलीं सुमारें १ कोटी ५१ लक्ष. म्हणजे दहांतील जवळजवळ नऊ मुलांच्या आईबापांपैकीं एक हयात होतें. उरलेल्यांसही पुष्कळदां आजी असते, मावशी असते, थोरला भाऊ असतो. अशा मुलास उचलून दूरच्या पक्क्या इमारतींत नेऊन ठेविलें, म्हणजे आपण त्याचें अनाथपण घालविलें, कीं पुरें केलें?

युगांडाच्या नैर्ऋत्येस कानुंगू जिल्ह्यांत न्याकाग्येझी नांवाचें खेडें आहे. तेथील ट्वेसिग्ये जॅक्सन कागुरी ह्यांचा भाऊ व बहीण एड्सनें वारलीं. त्या मुलखांत ही कथा घरोघरची होती. अमेरिकेंत घर घेण्यासाठीं सांठविलेले ५,००० डॉलर त्यांनीं गांवीं शाळा काढण्यास लाविले आणि २००३ सालीं ती सुरू झाली. युगांडांत प्राथमिक शिक्षणाची फी १९९७ मध्येंच माफ झाली होती. पण गणवेश, वह्या आणि दुपारचें जेवण ह्यांचा खर्च पोरक्या मुलानें कोठून करावा? तो शाळेनें पत्करिला. परंतु आम्हांस विशेष वाटतें तें निराळेंच. मूल रात्रीं ज्या आजीच्या घरीं निजतें, त्या आजीकडेही संस्थेनें लक्ष पुरविलें. आज्यांचे गट केले, त्यांस लहान रकमांचें कर्ज दिलें, कोणास स्वयंपाकघर तर कोणास घर बांधून दिलें. पोटचीं मुलें पुरून उतारवयांत नातवंडें सांभाळणाऱ्या ह्या बायकाच तेथील खरें वसतिगृह होत.

सर्वच घरें अशीं मायेचीं नसतात. सांभाळावयास म्हणून आलेला चुलता कधीं मृत भावाची जमीन बळकावतो आणि पुतण्यास गुरांमागें धाडतो. भाऊबंदकीचे कज्जे पाहिलेल्या आमच्या वाचकांस हें फोडून सांगावयास नको. माध्यमिक शाळा लांब असली तर मोठ्या मुलींस वाटेचें भय असतें. धोंडो केशव कर्वे ह्यांनीं १८९६ मध्यें पुण्यास विधवांसाठीं आश्रम काढिला, तो ह्याच न्यायानें योग्य होता: त्या मुलींस घर होतें, परंतु घरांतच त्यांचें जिणें कठीण झालें होतें. (हेच कर्वे सत्तरी उलटल्यावर, १९३० च्या अखेरीस, आफ्रिकेस निघाले आणि मोंबासा, युगांडा, टांगानिका असें फिरून आपल्या कार्याची माहिती देत राहिले. तेथील मुलांचा विचार करण्यास मराठी माणसास एवढा ऋणानुबंध पुरे.)

जेथें घरच जाच करितें तेथें वसतिगृह हवेंच. इतरत्र मात्र तें बांधण्याची घाई दात्यास असते, मुलास नसते, असा आमचा समज आहे. इमारतीचें छायाचित्र निघतें, कोनशिलेवर नांव कोरतां येतें. आजीस दिलेल्या शेळीवर तें कोरतां येत नाहीं. आणि दहा वर्षें परगांवीं वाढलेला मुलगा परततो, तेव्हां बापाच्या शेताचा बांध कोणता हें त्यास दुसऱ्यास विचारावें लागतें. रवांडा सरकारनें २०१२ मध्यें अनाथालयें क्रमाक्रमानें बंद करून मुलें कुटुंबांत धाडण्याचें धोरण पत्करिलें, तें उगीच नव्हे.

तेव्हां अशा कार्यास देणगी देऊं इच्छिणाऱ्या गृहस्थानें इमारतीचा नकाशा मागण्यापूर्वीं मुलांची यादी मागावी: प्रत्येकाच्या घरीं कोण आहे, तें माणूस त्यास कसें वागवितें, शाळा किती दूर आहे. खाटा किती घालावयाच्या, हें त्या यादीवरून ठरूं द्यावें.