पंचनाम्यात राहून गेलेले

नीरा-बारामती रस्त्यावरील वडगाव निंबाळकर हे गाव नीरेच्या डाव्या कालव्यावर पोसलेल्या ऊसपट्ट्यात वसलेले असून, भोवतालच्या अनेक खेड्यांचे बरेवाईट ज्या पोलीस ठाण्याच्या दप्तरी जमा होते ते ठाणेही याच गावी आहे. अशा मुलखात एखादी पंधरा-सोळा वर्षांची मुलगी नाहीशी झाली आणि तिसऱ्या दिवशी विहिरीत, चारीत किंवा उसाच्या फडात तिचे प्रेत आढळले, तर ठाण्यात खबर देतो तो बहुधा पोलीस पाटील, आणि नोंदवहीत प्रथम उमटतो तो खुनाचा गुन्हा नव्हे, अकस्मात मृत्यूचा क्रमांक. यात गैरकायदा काही नाही. मरणाचे कारण ठाऊक नसताना चौकशीचा आरंभ असाच करावा, ही फौजदारी प्रक्रियेची जुनी रीत आहे. मात्र ज्या खुनांचा छडा पुढे कधीच लागत नाही, त्यांपैकी पुष्कळांचे भवितव्य याच पहिल्या नोंदीच्या आणि तिच्या पाठोपाठ होणाऱ्या पंचनाम्याच्या घटकेला ठरून जाते, असे माझे मत आहे.

तो पंचनामा कसा होतो हे ज्याने जवळून पाहिले आहे त्याला फार सांगावयास नको. विहिरीच्या काठी निम्मे गाव लोटलेले असते, प्रेत बाजेला दोर बांधून वर काढलेले असते, काठावरील ओल्या मातीत उमटल्या असतील-नसतील त्या पाउलखुणा शेदोनशे पायांनी केव्हाच पुसलेल्या असतात, एस. टी. स्टँडवरच्या हॉटेलातून बोलावून आणलेले दोन पंच जीपच्या बॉनेटवर ठेवलेल्या कागदावर, त्यातला मजकूर पुरता न वाचताच, सह्या करतात; आणि मुलीचे भिजलेले कपडे मिळेल त्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून मुद्देमालात जमा होतात. रक्ताचे वा रेताचे डाग असलेले वस्त्र सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवावे लागते, नाही तर ओलीने त्याला बुरशी चढते आणि प्रयोगशाळेच्या हाती काही उरत नाही, हे पोलीस प्रशिक्षणात शिकविले जाते. पण ते शिकलेला मनुष्य त्या वेळी विहिरीवर असेलच असे नाही.

१ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या प्रत्येक गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे अशी तरतूद केली आहे आणि ती पाच वर्षांच्या आत लागू करण्याचे राज्यांवर सोपविले आहे. तरतूद स्तुत्य आहे. परंतु तिचा लाभ ‘गुन्ह्या’ला आहे, अकस्मात मृत्यूला नाही. म्हणजे विहिरीतील मृत्यू हा खून होता हे ठरविण्यासाठी ज्या तज्ज्ञाची गरज, तो तज्ज्ञ येणार खून ठरल्यानंतर! अर्थात तोवर विहिरीचे पाणी मोटारीने उपसून पिकाला दिलेले असते.

पंचनाम्यात जे राहून जाते त्याची पोकळी मात्र फार काळ पोकळी राहत नाही. लोकापवाद ती भरून काढतो. आरोपी ठाऊक असला म्हणजे समाजाच्या क्रोधाला लक्ष्य सापडते. २०१६ साली भीमेपलीकडच्या कर्जत तालुक्यातील कोपर्डीत एका शाळकरी मुलीवर अत्याचार होऊन तिची हत्या झाली तेव्हा अवघा महाराष्ट्र रस्त्यावर उतरला, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयाने तिघांना देहान्ताची शिक्षा सुनावली. जेथे आरोपी नाही तेथे मोर्चा कोणाविरुद्ध काढावयाचा? तेथे चर्चा सुरू होते ती मृत मुलीची. ती कोणाशी बोलत असे, मोबाईल तिला कोणी दिला, शाळा सुटल्यावर घरी यायला उशीर का होई, आणि अखेरीस चावडीवर कोणी तरी बोलून जातो, “आता गेली ती गेली, घरच्यांनी अब्रू झाकावी.”

ही खोड केवळ खेड्यांची आहे असे समजणे भाबडेपणाचे होईल. १६ मे २००८ रोजी नोएडातील तेरा वर्षांची आरुषी तलवार आपल्या खोलीत मृतावस्थेत आढळली. ज्याच्यावर त्या दिवशी संशय घेतला गेला त्या हेमराज या नोकराचे प्रेत त्याच इमारतीच्या गच्चीवर होते, परंतु गच्चीचे कुलूप तोडण्याची तसदी कोणी घेतली नाही आणि ते प्रेत दुसऱ्या दिवशी सापडले. घरात पाहुणे, शेजारी, वार्ताहर यांची मुक्त वर्दळ चालली होती. मग आठवडाभरातच एका वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याने पत्रकार परिषद भरवून त्या मुलीच्या चारित्र्याविषयी जाहीर तर्क केले, आणि तसे करताना तिचे नावही चुकविले. जिचे नाव धड ठाऊक नाही तिचे शील मात्र ज्ञात आहे, असा हा प्रकार. पुढे एका जांभळ्या उशीच्या अभ्र्यावर हेमराजचे रक्त सापडल्याचा हैदराबादच्या प्रयोगशाळेचा उल्लेख टंकलेखनातील चूक म्हणून परत घेतला गेला. आईवडिलांना २०१३ मध्ये जन्मठेप झाली. १२ ऑक्टोबर २०१७ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. दोन तपास यंत्रणा आणि दोन न्यायालये होऊनही आरुषी आणि हेमराज यांना मारले कोणी, याचे उत्तर दप्तरी नाही.

आपल्या शेजारच्या गोव्यात २००८ सालीच, १८ फेब्रुवारीला, हणजुणेच्या किनाऱ्यावर स्कार्लेट कीलिंग या पंधरा वर्षांच्या ब्रिटिश मुलीचा मृतदेह मिळाला. बुडून मृत्यू, असे स्थानिक पोलिसांनी सांगितले. तिची आई फिओना मॅककिऑन ते ऐकेना. तिच्या हट्टामुळे दुसरी शवचिकित्सा झाली, अंगावर पन्नासाच्या आसपास जखमा आढळल्या, तेव्हा कोठे मार्चमध्ये खुनाचा गुन्हा नोंदला गेला. दरम्यान मुलीला एकटी मागे ठेवून ही बाई फिरायला गेलीच कशी, यावर वर्तमानपत्रांनी आणि राजकारण्यांनी जेवढी वाणी झिजविली तेवढी पहिल्या अहवालावर झिजविली नाही. २०१६ मध्ये दोन्ही आरोपी सुटले. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्यांपैकी एकाला दोषी ठरवून दहा वर्षांची सक्तमजुरी दिली. हे प्रकरण थंड पडले नाही याचे श्रेय ज्या आईला आहे, तिच्या पाठीशी इंग्रजी वृत्तपत्रे आणि परकीय पासपोर्ट होता. सोमेश्वर साखर कारखान्याच्या गाळप हंगामात फडात कोपी घालून राहणाऱ्या ऊसतोड कामगाराच्या बायकोपाशी यांतले काय असते? हंगाम संपून पट्टा पडला की मुकादमाबरोबर तिला बीडकडे परतावे लागते. फिर्यादीच जिल्ह्याबाहेर गेली की तपासाचा तगादा लावणारे कोणी उरत नाही.

मुद्देमाल जपला तर काय घडू शकते याचा दाखला इंग्लंडातील लेस्टरशायरमध्ये आहे. नारबरो आणि एन्डरबी या लगतच्या खेड्यांत १९८३ मध्ये लिंडा मॅन व १९८६ मध्ये डॉन ॲशवर्थ या पंधरा-पंधरा वर्षांच्या मुली मारल्या गेल्या. सतरा वर्षांच्या एका पोराने दुसऱ्या खुनाची कबुलीही दिली. परंतु तीन वर्षांपूर्वीचा नमुना शाबूत राहिल्याने शास्त्रज्ञ ॲलेक जेफ्रीज यांना जनुकीय परीक्षेने दोन्ही कृत्ये एकाच पुरुषाची आहेत आणि तो पुरुष हा पोरगा नव्हे, हे दाखविता आले. गुन्ह्याच्या तपासात या परीक्षेने जगात प्रथम साधले ते हे, की एक निरपराध सुटला. पुढे पाच हजारांवर पुरुषांचे नमुने घेतले तरी खुनी निसटलाच होता, कारण त्याच्याऐवजी बेकरीतील एका सोबत्याने रक्त दिले होते; ते दारूच्या गुत्त्यात बोलले गेले, एका बाईने पोलिसांना कळविले, आणि १९८७ मध्ये कॉलिन पिचफोर्क पकडला गेला. म्हणजे गावाला ठाऊक असलेली गोष्ट गावातूनच बाहेर यावी लागली. पण ती आली तेव्हा ताडून पाहावयास नमुना जाग्यावर होता.

आपल्याकडे छडा न लागलेल्या गुन्ह्याचे कागद ‘अ’ समरीने मिटतात: गुन्हा खरा, आरोपी अज्ञात. खुनाला कालमर्यादा नाही, त्यामुळे नवा पुरावा आल्यास तपास केव्हाही पुन्हा उघडता येतो. पण तो पुरावा शोधण्याचे काम कोणाच्याच रोजच्या कामात बसत नाही, आणि ठाणेदार तर दोन-तीन वर्षांत बदलून जातो. समरी मंजूर होण्यापूर्वी मूळ खबर देणाऱ्यास नोटीस द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये भगवंत सिंग प्रकरणी ठरविले. त्याच निकालात मृताच्या नातलगांना मात्र नोटिशीचा हक्क दिलेला नाही. त्यांना कळले आणि ते हजर झाले तर त्यांचे ऐकून घ्यावे, इतकेच. आता खबर देणारा पोलीस पाटील असेल, तर नोटीस त्याच्या घरी जाणार. नव्या संहितेने तपासाची प्रगती नव्वद दिवसांत फिर्यादीस वा पीडितास कळविण्याचे बंधन घातले आहे आणि पीडितांत वारसही येतात, ही सुधारणाच म्हटली पाहिजे. तिच्यापुढे एवढेच जोडावे, की अल्पवयीन मुलीच्या प्रत्येक संशयास्पद मृत्यूला पहिल्या तासापासून तज्ज्ञाची भेट मिळावी, आणि ‘अ’ समरी झालेला असा प्रत्येक कागद दरसाल एकदा उपविभागीय अधिकाऱ्याने मुद्देमालासह तपासून, काय पाहिले आणि काय राहिले, ते मुलीच्या आईला, ती बारामतीत असो वा बीडमध्ये, तिला वाचता येईल अशा मराठीत लेखी कळवावे.