चारी उपसायला कोण येणार?

जपानच्या डोंगराळ खेड्यांत भातलावणीच्या आधी, बर्फ वितळून गेल्यावरच्या एखाद्या रविवारी सकाळी, प्रत्येक घरातून एक माणूस फावडं घेऊन बाहेर पडतो. पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, डोक्याला गुंडाळलेला पंचा. पाटाच्या तोंडापासून खाली खाचरांपर्यंत माणसं अंतराअंतरावर उभी राहतात आणि चारी उपसायला लागतात. हिवाळ्यात साचलेला काळा गाळ, कुजलेली पानं, बांबूच्या काटक्या, उतारावरून घसरून आलेले दगड, सगळं काठावर येऊन पडतं. काम दुपारपर्यंत आटोपतं. मग गावच्या सभागृहात चहा, थोडं खाणं, रस्त्याकडेचं गवत कधी कापायचं याची तारीख. ज्या घरातून कोणी आलं नाही, त्या घराकडून बऱ्याच गावांत ठरलेली रक्कम घेतली जाते. कोणी त्याला दंड म्हणत नाही, पण पैसे चुकवतही नाही.

जपानी खेड्याचं जे रूप बाहेरच्यांना भुरळ घालतं, ते या रविवारातून निपजतं. रेखीव खाचरं, लाल कापड बांधलेल्या दगडी जिझो देवापुढची ताजी फुलं, रस्त्याकडेला माणसाविना चालणारं भाजीचं दुकान, जिथे शंभर येन डब्यात टाकायचे आणि मुळा उचलायचा. हे पाहून प्रवासी सहज म्हणून जातात की जपानी माणूस मुळातच शिस्तीचा. मला हे पटत नाही. भाताचं पाणी एका खाचरातून दुसऱ्यात उतरतं. वरच्याने चारी तुंबू दिली तर खालच्याचं पीक जातं, आणि खालचा तेवढ्यासाठी वरच्याचा रागलोभ सांभाळून असतो. तिथली शिस्त पाण्याने आणि डोंगराने लावलेली आहे. ती स्वभावात शोधली की तिच्यामागचे कष्ट दिसेनासे होतात, आणि ते कष्ट करणारी माणसंही.

हे कष्ट सगळ्यात ठसठशीत दिसतात गिफू प्रांतातल्या शिराकावा-गो खोऱ्यात. तिथल्या गवताच्या उंच, उभ्या उतरणीच्या छपरांची घरं 1995 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. बर्फ घसरून पडावं म्हणून छप्पर तसं तीव्र, आणि त्याखालच्या माळ्यांवर पूर्वी रेशमाचे किडे पाळत. असं छप्पर तीस-चाळीस वर्षांनी नव्याने शाकारावं लागतं आणि ते एका घराच्या आवाक्यातलं नसतं. म्हणून गावाने ते अंगावर घेतलं: आज तुझ्या छपरावर मी, उद्या माझ्या छपरावर तू. इर्जिक आणि सावड ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला हा व्यवहार समजावून सांगायला नको. शे-दोनशे माणसं चढायची. एक जण वरून लांब सुईने दोर गवतात खुपसायचा, आत माळ्यावर बसलेला दुसरा तो वाशाभोवती घेऊन परत बाहेर द्यायचा. दोघं एकमेकांना दिसत नाहीत, सगळं हाकेवर चालतं. खाली मुलं गवताच्या पेंढ्या वाहतात, बायका एवढ्या माणसांचा स्वयंपाक करतात. कोणी किती गवत, किती दोर, किती दिवस दिले याची वही ठेवली जायची, कारण फेड कदाचित पुढच्या पिढीला करायची असायची. 1971 मध्ये ओगिमाची गावच्या लोकांनी ठरवलं की घरं विकायची नाहीत, भाड्याने द्यायची नाहीत, पाडायची नाहीत. त्या ठरावामुळेच आज तिथे पर्यटकांच्या बसगाड्या येतात. आता मात्र बऱ्याच छपरांचं काम व्यावसायिक कारागीर करतात. माणसंच तेवढी राहिली नाहीत.

या व्यवस्थेचं कौतुक करताना तिचा काच विसरणं अप्रामाणिकपणाचं होईल. जिथे प्रत्येक हात मोजलेला असतो, तिथे प्रत्येक तोंडावरही नजर असते. वाळीत टाकण्याची प्रथा जपानी खेड्यातही होती. त्या घराशी सगळे व्यवहार तोडायचे, सवलत फक्त दोन प्रसंगांना, आग आणि अंत्यसंस्कार. 1952 मध्ये शिझुओका प्रांतातल्या उएनो गावात एका शाळकरी मुलीने निवडणुकीतला गैरप्रकार वर्तमानपत्राला कळवला आणि गावाने तिच्या घरालाच वाळीत टाकलं. देशभर गाजलेलं हे प्रकरण लोकशाही राज्यघटना आल्यानंतरचं आहे. आणि ज्या सभागृहात चहा व्हायचा, तिथे चहा करणारे हात बायकांचे असले तरी तारीख ठरवणारे आवाज बहुतेक पुरुषांचे असत. पोरी शहराकडे गेल्या त्या केवळ नोकरीसाठी गेल्या, असं मानणं मला फार सोयीचं वाटतं.

1990 च्या आसपास कोची इथले समाजशास्त्रज्ञ आकिरा ओनो यांनी निम्म्याहून अधिक माणसं पासष्टीपुढची असलेल्या वस्त्यांना ‘काठावर आलेली गावं’ म्हटलं. चारी उपसणं, गवत कापणं, देवळाचा उत्सव, अंत्यविधी हे सामायिक व्यवहार जिथे चालेनासे होतात, ती ही गावं. 2014 मध्ये माजी मंत्री हिरोया मासुदा यांच्या गटाने 896 गावा-शहरांची यादी जाहीर केली. म्हणजे देशातल्या जवळजवळ निम्म्या स्थानिक संस्था. 2040 पर्यंत त्या नामशेष होण्याचा धोका असल्याचं भाकीत होतं. कसोटी एकच: वीस ते एकोणचाळीस वयाच्या स्त्रियांची संख्या निम्म्यावर येणार का. मोजल्या गेल्या त्या बायका. त्या का गेल्या, हा प्रश्न मात्र त्या कसोटीत नव्हता.

घरं चाळीसची दहा झाली तरी चारीची लांबी तेवढीच राहते. गवत माणसं पाहून उगवत नाही. शहर आकसलं तर शाळा कमी करता येतात, बसफेऱ्या कमी करता येतात. खेड्याचं काम मात्र जमिनीने ठरवलेलं असतं, माणसांच्या संख्येने नाही. त्यामुळे उरलेल्या प्रत्येकाच्या वाट्याचं ओझं दरवर्षी वाढतं, आणि ते उचलणारा दरवर्षी एका वर्षाने म्हातारा होतो. 2000 पासून सरकार डोंगराळ भागातल्या शेतीला थेट अनुदान देतं. त्यासाठी गावकऱ्यांनी एकत्र येऊन पाच वर्षं जमीन पडीक न टाकण्याचा करार करायचा असतो. अनुदान चांगलं आहे, पण ऐंशीच्या घरातल्या माणसाने पाच वर्षांचा शब्द कसा द्यावा? नवा करार करायची वेळ आली की काही गावं त्यातून बाहेर पडतात. पैसा नको म्हणून नव्हे, शब्द पाळता येणार नाही म्हणून.

काम थांबलं की काय होतं, ते काकीच्या झाडावर दिसतं. काकी म्हणजे तिकडचं तेंदूच्या जातीचं केशरी फळ. फळं उतरवताना शेंड्यावरचं एखादं झाडासाठी आणि पाखरांसाठी राखायची तिथे जुनी रीत आहे. आता उतरवणारंच कोणी नसल्याने अख्खं झाड लगडलेलं राहतं आणि अस्वलं अंगणापर्यंत येतात. 2023 च्या आर्थिक वर्षात जपानभर 200 हून अधिक माणसं अस्वलांच्या हल्ल्यांत सापडली, सर्वाधिक आकिता आणि इवातेकडे. त्या वर्षी रानात बीचची फळं फारच कमी धरली होती, हे एक कारण. दुसरं कारण गाव आणि रान यांच्यामधला राबता पट्टा ओस पडणं. सरपणाला, पालापाचोळ्याला माणूस रोज तिथे जायचा, तोवर ती सीमा राखली जायची. ती कुंपणाने राखलेली नव्हती.

मग उपाय काय? तोकुशिमा प्रांतातल्या कामिकात्सुचं उदाहरण मला मोलाचं वाटतं. 1981 च्या कडाक्याच्या थंडीत तिथल्या संत्र्याच्या जातीच्या बागा जळाल्या. शेतकी सहकारी संस्थेतले तोमोजी योकोइशी यांना सुचलं की जपानी जेवणाच्या ताटात सजावटीला ठेवतात ती मेपलची, काकीची पानं इथूनच विकता येतील. 1986 मध्ये धंदा सुरू झाला. पान हलकं, म्हातारीलाही उचलता येतं, आणि कुठलं पान कुठल्या ऋतूत कुठे मिळतं हे तिला तोंडपाठ. पुढे मागणी संगणकावर येऊ लागली आणि आपण विक्रीत कितव्या क्रमांकावर आहोत, हेही प्रत्येकीला तिथेच दिसू लागलं. उत्पन्न तर आलंच, पण आयुष्यभर घराच्या नावावर राबलेल्या बाईच्या कामाची नोंद पहिल्यांदा तिच्या स्वतःच्या नावावर झाली. मला हा मोठा बदल वाटतो. याच गावाने 2003 मध्ये कचरा शून्यावर आणण्याचा निर्धार केला आणि आज तिथले रहिवासी चाळीसहून अधिक प्रकारांत कचरा वेगळा करतात. तेही पुन्हा घराघरावरचं काम आहे, हे कौतुक करणाऱ्यांनी विसरू नये.

निगाता प्रांतातल्या तोकामाचीची गोष्ट आपल्याला जवळची आहे. तिथे माणूसभर उंचीच्याही वर बर्फ पडतं. तोकिओ हासेगावा यांनी 1982 मध्ये तिथल्या बंद पडलेल्या प्राथमिक शाळेत मिथिला संग्रहालय सुरू केलं. बिहारच्या चित्रकर्त्या तिथे राहून काम करून गेल्या, तसे डहाणूकडचे वारली चित्रकारही गेले. जिव्या सोमा म्हसे त्यांत होते. मुलं संपलेल्या शाळेत भातलावणीची, मळणीची, तारप्याच्या फेऱ्याची चित्रं आली. त्याच परिसरात 2000 पासून दर तीन वर्षांनी मोठा कलामहोत्सव भरतो. पडीक घरं, बंद शाळा आणि खाचरं हीच त्याची दालनं.

महोत्सव संपला की पाहुणे जातात आणि खाचरं तिथेच राहतात, ही शंका रास्त आहे. तोकामाचीकरांनी तिचं एक उत्तर शोधलं. 2015 मध्ये तिथे एफसी एचिगो-त्सुमारी हा स्त्रियांचा फुटबॉल संघ उभा राहिला. बाहेरून आलेल्या या खेळाडू गावात राहतात, सराव करतात, सामने खेळतात आणि म्हाताऱ्या शेतकऱ्यांच्या हातून सुटत चाललेली उतारावरची खाचरं कसतात. 2014 च्या यादीने ज्या वयाच्या बायका मोजल्या, त्याच वयाच्या या बायका आहेत. एक संघ शेकडो खाचरांना पुरणार नाही, हे उघड आहे. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे, की रविवारी चारी उपसून झाल्यावर सभागृहात पुढची तारीख ठरते तेव्हा यांचं म्हणणं विचारलं जातं का, आणि आठ-दहा वर्षांनी खेळ सुटल्यावर यांतल्या कितीजणींना त्या गावात स्वतःच्या नावावर घर घ्यावंसं वाटतं.