आधी जा, मग ये

आजचा शास्त्रभाग: मत्तय ५:२३-२४ (सोबत लेवीय ६:१-७ वाचा)



ह्या वचनावर लिहायचं मी गेले दोन महिने टाळत होतो. कारण आजचं मनन माझ्या स्वतःच्या चुकीबद्दल आहे.

एका गुरुवारी रात्री आमच्या टीमचं रिलीज होतं. त्यातला एक बदल आमच्यातल्या सगळ्यात ज्युनिअर मुलाने केला होता. नोकरीला लागून त्याला पाचच महिने झाले होते, अजून कन्फर्मसुद्धा झाला नव्हता. त्याचा कोड तपासून अप्रूव्ह करायचं काम माझं. साडेनऊ वाजले होते, मला घरी जायची घाई होती. मी वरवर नजर फिरवली आणि अप्रूव्ह करून टाकलं. मध्यरात्री सर्व्हिस बंद पडली. चाळीस मिनिटं लोकांचे व्यवहार अडकून राहिले.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये मॅनेजरने विचारलं, "हे झालं कसं?" मी म्हणालो, "तो बदल ह्याने केला होता."

वाक्य खरं होतं. 'आणि मी तो न वाचता पास केला' हा पुढचा अर्धा भाग मी गिळला. तो मुलगा खाली मान घालून बसला. काही आठवड्यांनी त्याचं कन्फर्मेशन तीन महिने पुढे ढकललं गेलं.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन होतं. भाकर आणि प्याला घेण्याआधी प्रत्येकाने स्वतःची परीक्षा करावी, असं पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे सांगितलं. एरवी मी डोळे मिटून 'प्रभू, क्षमा कर' म्हणतो आणि उठतो. त्या दिवशी डोळे मिटले आणि ती खाली घातलेली मान दिसली. मी बाकावरच बसून राहिलो. आई परत येऊन शेजारी बसली आणि हळूच म्हणाली, "बरं वाटत नाही का रे?" मी नुसती मान हलवली.

घरी येऊन मत्तयाचा पाचवा अध्याय उघडला. लहानपणी संडेस्कूलमध्ये पाठ केलेलं वचन, पण तीन गोष्टी मी कधी नीट पाहिल्याच नव्हत्या.

पहिली गोष्ट. 'तुझ्या मनात कोणाबद्दल राग आहे का?' असं प्रभू इथे विचारत नाही. माझ्या भावाच्या मनात माझ्याविरुद्ध काही आहे का, हे तो आठवायला सांगतो. मी माझं मन तपासायचो आणि ते मला स्वच्छ दिसायचं. दिसणारच ना! दुखावलेला मी नव्हतोच, तो होता.

दुसरी गोष्ट अंतराची. प्रभू हे गालीलात बोलत होता. वेदी मात्र यरुशलेमेच्या मंदिरात, शंभराहून अधिक किलोमीटर दूर. पायी तीन-चार दिवसांची वाट. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर काय आलं असेल बघा. पंढरपूरला पायी पोहोचलेल्या वारकऱ्याला अगदी देवळाच्या दाराशी कोणी सांगावं, 'आधी गावी जाऊन शेजाऱ्याशी मिटवून ये, मग दर्शन घे.' म्हणजे सगळी वाट उलटी चालायची, आणि मग पुन्हा यायचं. माझा भाऊ किती लांब होता? दोन डेस्क पलीकडे.

तिसरी गोष्ट लेवीयाच्या सहाव्या अध्यायात सापडली. शेजाऱ्याला फसवून काही घेतलं असेल, तर मूळ वस्तू परत करायची आणि वर पाचवा हिस्सा जास्त द्यायचा. दोषार्पण आणायच्या दिवशीच हे करायचं. म्हणजे देवाची क्षमा आणि माणसाची भरपाई ह्या दोन गोष्टी शास्त्राने कधी वेगळ्या होऊच दिल्या नाहीत. मी मात्र पहिली मागत होतो आणि दुसरी विसरत होतो.

सोमवारी संध्याकाळी मी त्याला टपरीवर चहाला नेलं आणि सगळं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मला माहीत होतं, सर. अप्रूव्हलवर तुमचं नाव आणि वेळ दिसते ना. दोन मिनिटांत पास केलं होतं तुम्ही."

त्याला माहीत होतं. इतके दिवस माहीत होतं, आणि रोज सकाळी तो मला 'गुड मॉर्निंग, सर' म्हणत होता.

पण टपरीवरची माफी पुरेशी नव्हती. मी त्याचं नाव चारचौघांत घालवलं होतं आणि माफी मात्र एकांतात मागत होतो. म्हणून मीटिंगला असलेल्या सगळ्यांना मी मेल लिहिला: कोड तपासायची जबाबदारी माझी होती, ती मी पार पाडली नाही, आणि विचारलं तेव्हा लपवलं. सेंडवर क्लिक करायला अर्धा तास लागला.

पुढे सगळं छान झालं, असं सांगता आलं असतं तर बरं वाटलं असतं. त्याचे तीन महिने परत मिळाले नाहीत. माझ्या अप्रेझलमध्ये त्या मेलचा उल्लेख आला. हल्ली आठवड्यातून दोनदा मी त्याच्यासोबत बसून त्याचा कोड ओळ न ओळ वाचतो. माझा पाचवा हिस्सा तोच, असं मी समजतो. हे सगळं त्याला विचारूनच इथे लिहिलंय.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. हे वचन चूक करणाऱ्यासाठी आहे. ज्याच्यावर अन्याय झाला, त्याला 'आता मिटवून टाक' म्हणून दटावायला ते वापरू नका. आणि समोरच्याने क्षमा केलीच पाहिजे, असा आपला हक्कही नाही. आपल्याकडून होईल तितकं करावं, असं पौलही रोमकरांस पत्रात, बाराव्या अध्यायात सांगतो.

आणि ह्यात सुवार्ता कुठे आहे? प्रभू दान परत घेऊन जायला सांगत नाही. ते वेदीपुढेच राहू दे, असं म्हणतो. तुझी जागा गेलेली नाही. तो वाट बघतोय.

पुढच्या प्रभुभोजनाला मी उठलो. पाळकसाहेबांनी भाकर हातावर ठेवली, तेव्हा हात थरथरत होता.

आज दोन मिनिटं शांत बसा. कोणाचा चेहरा समोर येतो?

प्रार्थना: प्रभू येशू, माझ्यामुळे ज्याची मान खाली गेली त्याच्याकडे जायला मला पाय दे, आणि अर्धं गिळलेलं वाक्य पूर्ण करायला धैर्य दे. तू स्वतः आमच्याकडे चालत आलास, म्हणून मागतो. आमेन.