टळलेला अनर्थ, न टळलेला दोष

चेन्नईच्या दक्षिणेस जुन्या महाबलीपुरम रस्त्यावर सिरुसेरी नावाचे गाव आहे. आज ते तेथील संगणक कंपन्यांच्या वसाहतीमुळे ओळखले जाते. अशाच एका कंपनीत नोकरीस असलेल्या माझ्या भाच्याकडे काही दिवस राहण्याचा योग आला होता. एका सायंकाळी त्याच्या मोटारीतून आम्ही परतत होतो. मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याच्या कामासाठी रस्त्याच्या मधोमध पत्रे उभे केले होते. उरलेल्या अरुंद पट्टीतून मोटारी, बसगाड्या आणि दुचाक्या एकमेकींना खेटून चालल्या होत्या. एका खड्ड्यात आमचे मागचे डावे चाक आदळले आणि त्या चाकावरची प्लास्टिकची टोपी, जिला आपण व्हील कॅप म्हणतो, ती निसटून घरंगळत मागे गेली.

मागून एक स्कूटर येत होती. चालविणाऱ्याच्या पुढ्यात पाच-सहा वर्षांचा मुलगा उभा होता. त्या मनुष्याने स्कूटर एकदम वळविली, ती डगमगली, पण पडली नाही. पुढे येऊन त्याने ती टोपी आमच्या हाती दिली. तो काहीच बोलला नाही. फक्त एकदा त्याने मुलाकडे पाहिले आणि एकदा आमच्याकडे.

भाचा म्हणाला, "मामा, नशीब! काही झालं नाही." मीही मान डोलावली. परंतु रात्री झोप येईना, कारण मला एक गोष्ट आठवत होती. मी आल्या दिवसापासून त्या चाकातून, गाडी हळू चालत असता, खडखड आवाज येत होता. भाच्याला ते ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी मलाही ठाऊक झाले होते. पुढे आम्ही दोघेही त्या आवाजाला सरावलो.

ही टोपी म्हणजे चाकाचा आवश्यक भाग नव्हे. चाक गाडीला धरून ठेवतात ते नट. टोपी लोखंडी रिमचा गंज झाकते, नटांवर धूळ-चिखल बसू देत नाही आणि शोभा आणते. तिच्या पाठीमागे प्लास्टिकच्या खुंट्या असतात व त्यांना बाहेरच्या बाजूस ताणून धरणारे तारेचे कडे असते. खुंट्या रिमच्या आतल्या कडेला अडकतात, एवढाच काय तो आधार. ऊन आणि ब्रेकची उष्णता यांनी प्लास्टिक ठिसूळ होते. पंक्चर काढताना कोणी स्क्रूड्रायव्हरने टोपी उचकटली की एखादी खुंटी तुटते. कधी ते कडे वाकते, कधी फुटपाथला चाक घासते. मग टोपी हलू लागते आणि तो आवाज येतो. म्हणजे पडण्यापूर्वी ती पुष्कळ दिवस आपल्याला सांगत असते.

आता प्रश्न असा की, मूल बचावले म्हणून आमचा दोष बचावला काय? बर्नार्ड विल्यम्स व टॉमस नेगल या तत्त्वज्ञांनी १९७६ मध्ये हाच प्रश्न 'नैतिक दैवयोग' या अर्थाच्या नावाने पुढे मांडला. ब्रेक न तपासता गाडी रस्त्यावर आणणारे दोन चालक कल्पावेत. एकाच्या वाटेत मूल धावत येते, दुसऱ्याच्या येत नाही. पहिल्याला जग अपराधी म्हणते. दुसरा घरी जाऊन सुखाने जेवतो. वास्तविक दोघांच्या वागणुकीत तिळमात्र अंतर नसते. अंतर असते ते केवळ रस्त्यावर कोण आले यात, आणि ते काही त्यांच्या हाती नव्हते.

न्यायालयाला परिणाम पाहावाच लागतो, कारण मनुष्याचे अंतःकरण त्याला उघडून पाहता येत नाही. सदसद्विवेकबुद्धीला मात्र ही सबब नाही. तिला त्या खडखडाटाची माहिती असते. म्हणून "काही झालं नाही" हे वाक्य कृतज्ञतेचे असू शकते, निर्दोषत्वाचे नव्हे.

या ठिकाणी अनुवादाच्या २२व्या अध्यायातील एक साधा नियम आठवतो. नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा, नाहीतर कोणी पडल्यास रक्तपाताचा दोष त्या घरावर येईल, असा त्याचा आशय आहे. त्या काळी धाबे ही वापरातली जागा होती. राहाबेने तेथे जवसाची ताटे रचली होती आणि पेत्र यापो येथे प्रार्थनेसाठी धाब्यावरच गेला होता. या नियमाचे मर्म असे की, तो कोणी पडण्याची वाट पाहत नाही. घर उभे राहते त्याच वेळी कठडा मागतो. ज्या घराच्या धाब्यावरून कधीच कोणी पडले नाही, त्या घरधन्यालाही कठडा न बांधण्याची मोकळीक नाही.

हा कठडा कोणासाठी बांधायचा? १९३२ मध्ये ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने एका स्त्रीच्या दाव्यावर निर्णय दिला. जिंजर बिअरच्या बाटलीत कुजलेली गोगलगाय निघाल्याने आपण आजारी पडलो, अशी तिची तक्रार होती. त्या वेळी लॉर्ड ॲटकिन यांनी शास्त्र्याने येशूला विचारलेल्या "माझा शेजारी कोण?" या प्रश्नाचाच आधार घेतला. माझ्या कृतीने वा हयगयीने ज्याला इजा होईल हे मला आधी कळायला हवे, तो कायद्याच्या दृष्टीने माझा शेजारी, असा त्यांच्या उत्तराचा भावार्थ. शोमरोनी मनुष्याला त्याचा शेजारी वाटेत पुढे पडलेला दिसला. आमचा शेजारी आमच्या पाठीमागे होता आणि आम्ही त्याच्याकडे पाहिलेही नव्हते.

कोणी म्हणेल, प्रत्येक खिळ्या-स्क्रूची अशी चिंता करीत बसले तर मनुष्याने जगावे कसे? आक्षेप रास्त आहे. अज्ञात धोक्यांचा हिशेब आपल्याकडून कोणी मागत नाही. परंतु जे आपल्याला ठाऊक आहे, आपल्या हातात आहे आणि थोड्या श्रमात होण्यासारखे आहे, ते न करण्याला सबब उरत नाही. आमच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाचा मला घेऊन एका गॅरेजवाल्याकडे गेला. त्याने रिमची आतली कडा घासून माती व गंज काढला. टोपीमागचे कडे नीट बसविले. हवेचा वॉल्व्ह टोपीच्या खाचेतून मोकळा येईल असे पाहून सर्व बाजूंनी तळहाताने टोपी दाबली. मग रिमच्या भोकांतून प्लास्टिकच्या तीन पट्ट्या ओवून आवळल्या, त्या आत ब्रेकला लागत नाहीत याची चाक फिरवून खात्री केली व टोके कापून टाकली. दुसऱ्या एका चाकाच्या टोपीच्या दोन खुंट्या तुटलेल्या निघाल्या. ती त्याने बांधलीच नाही. काढून भाच्याच्या हाती दिली आणि म्हणाला, हिच्यावाचून गाडी चालते.

भाच्याने ती डिकीत ठेवली. एक चाक उघडे, गंजके दिसू लागले. त्याचे त्याला वाईट वाटले असावे, पण तो काही बोलला नाही. गाडी सुरू केल्यावर गल्लीच्या तोंडापर्यंत त्याने काचा खाली ठेवल्या आणि आम्ही दोघेही कान देऊन ऐकत होतो.