रिकाम्या घराची मालकी

स्वित्झर्लंडमधल्या व्हर्बियेसारख्या स्की-गावातली आलिशान शॅले-अपार्टमेंट बाहेरून लाकडी, साधी दिसतात. आत स्कीचे बूट सुकवायला गरम रॅक असतात. हंगाम सरला की त्यांतल्या अनेकांच्या खिडक्यांची झडपं बंद होतात. पाइप गोठू नयेत म्हणून थंडीत हीटिंग तेवढं चालू राहतं. ज्या घरात राहायचं नाही, ते अडवून ठेवण्याचा नैतिक हक्क मालकीतून मिळतो का? तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी खासगी मालकी मान्य केली, कारण स्वतःच्या वस्तूची माणूस जास्त काळजी घेतो. पण वापराच्या बाबतीत ती वस्तू सर्वांची समजावी, गरजवंताला द्यायची तयारी ठेवावी, ही अटही त्यांनी घातली. २०१२ मध्ये स्विस मतदारांनी ५०.६ टक्के मतांनी दुय्यम घरांवर गावागणिक २० टक्क्यांची मर्यादा आणली, तेव्हा ही अटच एका अर्थी कायद्यात उतरली.

यावर आक्षेप असा, की या घरांमुळेच सुताराला, इलेक्ट्रिशियनला काम मिळतं. डोंगराळ व्हॅले प्रांताने मोठ्या बहुमताने विरोधी मत दिलं ते उगाच नाही. हा आक्षेप खराच आहे, पण अपुरा आहे. बांधकाम संपतं, अडलेली जमीन मात्र सुटत नाही, आणि तिथे राबणाऱ्यालाच गावात घर परवडेनासं होतं. शिवाय पर्यटकांना नियमित भाड्याने दिल्या जाणाऱ्या घरांना कायद्याने वाट ठेवली आहे. म्हणजे विरोध पाहुण्यांना नाही, रिकामेपणाला आहे. मालकी ही जबाबदारी आहे, आणि वापराविना ती टिकवणं हा अन्यायच आहे.