नवरीच्या हातची फाइल

नगर-पुणे रस्त्यावरच्या केडगावात लग्न करून नवरदेव कॅनडाला परततो आणि नवरीच्या हाती उरते व्हिसाची एक फाइल. विवाह नोंदणी, पोलिसांचा दाखला, वैद्यकीय तपासणी, बोटांचे ठसे. त्यात २०२४ साली अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. जुन्या कागदावर जिल्हा एक, नव्यावर दुसरा!

अर्ज विचारतो, पहिल्यांदा कुठं भेटलात? समारंभाला किती माणसं होती? कांदेपोह्यांच्या दिवशी दोघं गच्चीवर जेमतेम दहा मिनिटं बोललेले. ते आता रकान्यात बसवायचं. आणि माणसं? आपल्याकडं पंगती कोण मोजतं! पुराव्याला फोटो निवडावेत, तर प्रत्येक फोटोत मामा मध्येच उभे.

आनंदीबाई जोशींच्या काळी व्हिसा नव्हता. तरी त्यांच्या शिक्षणासाठी त्यांचे पती गोपाळरावांनी अमेरिकी मिशनऱ्यांना पत्र धाडलं १८७८च्या सुमारास आणि कोलकात्याहून आनंदीबाईंची बोट सुटली एप्रिल १८८३ मध्ये. तिथं उलट होतं, बायको पुढं गेली आणि नवरा मागं राहिला. मधल्या वर्षांत त्या शिकत राहिल्या, मला त्याचंच अप्रूप जास्त.

म्हणून रोज उठून अर्जाची स्थिती बघण्यापेक्षा गाडी शिकून घ्यावी. आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवाना फार तर वर्षभर चालतो, हात इथंच बसलेला बरा. शेजारच्या काकू "व्हिसा आला का गं?" विचारणारच. त्यांच्याकडून थालीपीठाच्या भाजणीचं प्रमाण लिहून घ्यावं, वाट्यांत नको, ग्रॅममध्ये.