जांबेला परतलेला जोगी

घर सोडलेल्याने पुन्हा घरी यावे का, या प्रश्नाचे ठळक उदाहरण जालना जिल्ह्यातील जांब समर्थ येथे सापडते. १६०८ मध्ये येथे जन्मलेले रामदास बाराव्या वर्षी लग्नमंडपातून निघून गेले. टाकळीची तपश्चर्या आणि तीर्थाटन करून ते २४ वर्षांनी परतले, असे परंपरा सांगते. दारात जोगी उभा. दृष्टी गेलेल्या राणूबाईंनी आवाजावरूनच मुलाला ओळखले. शास्त्रानुसार पिताही संन्याशाला वंदन करतो, आईला मात्र संन्यासीच वाकतो. आद्य शंकराचार्यही आईच्या अंत्यविधीसाठी कालडीला आल्याची कथा आहे. म्हणजे वैराग्याने आई तुटत नाही. सुटतो तो घरावरचा हक्क. रामदास पुढे कृष्णाकाठी गेले. थोरले बंधू गंगाधरपंत जांबेतच प्रपंच सांभाळून रामभक्ती करीत राहिले.